जागल

भादवा सरता सरता धान पोटरीत येतं
आणि केवळराम रात्रीचा बांधावर जातो,
टिनाचा डबा अन् बॅटरी घेऊन.
डुकरं येतात नदीकडून.
मी घरी, खाटेवर.
माझीही जागलच.

ते झोपेतच आलं होतं.
रात्री दोन्ही हातांनी गोधडी ओढून घेतली,
सकाळी एकाच हाताने बाजूला केली.
दुसरा तिथेच पडलेला,
कुणाचा तरी विसरलेला.
भंडाऱ्याचे डॉक्टर म्हणाले,
झटका पहाटे कधीतरी आला असेल.
कधीतरी.
तेव्हापासून मी पहाटेवर डोळा ठेवून असते.

जरा डोळा लागला की
आतून कुणीतरी हलवून उठवतं.
मग उजव्या पायाचा अंगठा शोधते.
आहे.
डाव्या हाताची बोटं मोजते.
पाच.
जिभेवर नातवाचं नाव ठेवून बघते, तन्मय.
अंधारात बरोबर येतं.
रात्री सगळेच शब्द येतात:
सूप, कैची, तेंदूपान,
सासूची ती एक शिवी,
माहेरच्या बोडीतल्या माशांची नावंसुद्धा.
उजाडलं की जातात कुठे कोण जाणे.
दिवसा तोंडातून एकच निघतं: चमचा.
पाणी पाहिजे, चमचा.
ऊन आलं, खाट सरकवा, चमचा.
बाळा, शर्ट आखूड झाला रे तुला, चमचा.
कोणता चमचा कोणता, तन्मयला कळतं.
सुनेला हसू येतं, मग तिलाच वाईट वाटतं,
मग मीही हसते,
आणि हसता हसता रडं सुटतं, कारण नसताना,
आटे गेलेल्या नळासारखं.

आशाताई शीलू महिन्याला येते.
पट्टा बांधते, फुगवते, आकडा लिहिते.
गोळी घेतली? सून सांगते, घेतली.
मीठ कमी? कमी.
झोपेचा रकाना तिच्या वहीत नाही.
शेजारची रसिका म्हणते,
दिवसभर पडून असते, रात्री कशी येईल झोप.

पस्तीस वर्षं या हाताने रोज हजार बिड्या वळल्या,
भांडता भांडता, लेकराला पाजता पाजता.
डोळ्यांना कळायच्या आत नखाने तोंड बंद.
शनिवारी सट्टेदार कट्टा सोडायचा,
एकेक बिडी दोन बोटांत दाबायचा
आणि छाट बाजूला फेकायचा.
छाटीचे पैसे नाहीत.
रात्री तीनला वाटतं,
कुणीतरी मला दाबून बघितलं.

हे कुणाला सांगितलं नाही.
विहिरीचंही नाही.
परसातली विहीर सतरा पावलांवर,
माझ्या आताच्या पावलांनी एकेचाळीस.
एकदा मोजली,
आणि तेवढीच मोजत परत आले.

काल आभाळ भरलं. केवळराम लवकर आला.
दारात चिखलाचे पाय,
खाटेवर माझे उघडे डोळे.
त्याने बॅटरी तोंडावरच मारली,
डुकरावर मारतो तशी,
मग ओशाळून खाली केली.
"रोजच जागते का वं?"
एवढ्या महिन्यांत कुणी विचारलं नव्हतं.
मी म्हटलं, चमचा.
तो म्हणाला, "हो. मलेही तसंच वाटते."
भिंतीला टेकून बसला, डबा मांडीवर.
"नीज. आता मी पाहतो."
काय पाहणार होता,
माझ्या आत कुठला बांध दिसणार होता त्याला.
तरी मी उजवा हात त्याच्या बाजूला सोडला
आणि पहाट त्याच्यावर टाकली.

कोंबड्याआधी जाग आली.
राखणदार बसल्याजागी घोरत होता,
डबा कलंडलेला, बॅटरी जळतच.
डाव्या हाताने ती विझवली.
सेल महाग झालेत.
मग उजव्या पायाचा अंगठा...
राहू दे.
त्याचा श्वास मोजत पडून राहिले.